साधनाचे वर्णन आणि त्याची परीक्षा

मी मूळची गोव्याची. घरची बोली कोकणी. लग्न होऊन सौसरला आले त्या पहिल्याच पावसाळ्यातील गोष्ट. एके सकाळी मी दूरध्वनीवर आईशी बोलत होते. बोलता बोलता म्हटले, "हांगा नुस्तें मेळना." शेजारच्या काकू ओसरीवर तूर निवडीत बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकले आणि मोठ्या आपुलकीने विचारले, "नुस्तं काय नाही मिळत बाई इथं?" कोकणीत नुस्तें म्हणजे मासळी. काकूंच्या कानाला ते 'नुसते' वाटले, आणि माझ्या वाक्यातील मुख्य वस्तूच नाहीशी झाली! मी समोरच होते, म्हणून हसत हसत खुलासा करता आला. परंतु जे शब्द आपल्या पाठीमागे कोणी परका वाचणार आहे, त्यांच्या मदतीला आपण धावून जाऊ शकत नाही. आज तुम्हांला अशाच काही शब्दांविषयी सांगावयाचे आहे. ते लिहितो माणूस आणि वाचते यंत्र.

संगणकाशी मराठीत बोलणे आता आपल्या गावांतही नवलाईचे राहिलेले नाही. ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो त्यातील भाषेचे मॉडेल अफाट मजकूर वाचून तयार झालेले असते. त्याला निबंध लिहिता येतो, गणित समजावून देता येते. परंतु आज सकाळी पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याला काय भाव निघाला, हे त्याला कसे कळावे? ते त्याच्या वाचनात येणे शक्यच नाही. म्हणून अशा मॉडेलच्या हाती निरनिराळी साधने दिली जातात. साधन म्हणजे येथे हातोडी किंवा पक्कड नव्हे. एखादे ठरावीक काम करणारा लहानसा संगणकीय कार्यक्रम. एक साधन बाजारभाव आणून देते, दुसरे हवामानाचा अंदाज आणते, तिसरे निरोप पाठविते. आपला प्रश्न ऐकून कोणते साधन वापरावे हे ठरविणारी, त्याला लागणारी माहिती पुरविणारी आणि मिळालेल्या उत्तरावरून पुढचे पाऊल टाकणारी जी व्यवस्था, तिला एजंट म्हणतात. मंडीतील अडत्या जसा शेतकऱ्याच्या वतीने उभा राहतो, तसा हा आपल्या वतीने कामे करतो.

आता खरी मेख येथे आहे. हा एजंट साधन उघडून आत काय आहे ते पाहत नाही. त्याला तीनच गोष्टी दिसतात: साधनाचे नाव, चार-सहा वाक्यांचे वर्णन, आणि साधनाला कोणकोणती माहिती पुरवावी लागेल याची यादी. औषधाच्या दुकानात बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच औषध ओळखावे लागते, चाखून पाहण्याची सोय नसते, तसेच हे. २०२३ च्या मध्यापासून मोठ्या कंपन्यांनी आपल्या मॉडेलना साधने वापरण्याची सोय जोडून दिली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाने बनविलेले साधन दुसऱ्याच्या एजंटला सहज जोडता येऊ लागले. सोय मोठी झाली खरी, पण वर्णन लिहिणारा आणि ते वाचणारा यांची एकमेकांशी ओळखदेख उरली नाही. वर्णन चुकले तर एजंट अडखळून विचारीत बसेलच असे नाही. बहुधा तो आत्मविश्वासाने चुकीचे काम करून मोकळा होतो.

एक उदाहरण सावकाशपणे पाहू. समजा, कोणी असे वर्णन लिहिले: 'बाजारभाव: शेतमालाचे भाव देते.' वाक्य शुद्ध आहे, सुटसुटीत आहे. परीक्षेत मी कदाचित गुणही दिले असते. परंतु तुमच्यापैकी ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांनी जरा विचार करावा. भाव कशाचा? संत्र्याचा की मोसंबीचा? बाजारात ही दोन वेगळी फळे, पण बाहेरच्या माणसाला 'नारंगी फळ' म्हटले की दोन्ही एकच. भाव कोणत्या मापाचा? केंद्र सरकारच्या 'अॅगमार्कनेट' या व्यवस्थेवर देशभरच्या बाजारांतील भाव रोज नोंदले जातात, आणि ते क्विंटलमागे रुपये असे असतात. घरी आपण किलोने बोलतो. बागेचा सौदा करताना व्यापारी आणखी वेगळ्याच हिशेबाने बोलतो. वर्णनात माप लिहिलेले नसेल, तर क्विंटलचा आकडा किलोचा म्हणून सांगितला जाण्यास वेळ लागणार नाही. शंभरपटीचा फरक असल्यामुळे ही चूक निदान लक्षात तरी येईल. जी चूक शहाण्यासारखी दिसते ती अधिक वाईट.

तशी एक चूक सांगते. अॅगमार्कनेटवर एकाच मालाचे तीन भाव दिलेले असतात: त्या दिवसाचा किमान, कमाल आणि ज्या भावाने बहुतेक माल विकला गेला तो. हा तिसरा भावच सामान्य शेतकऱ्याच्या कामाचा, कारण कमाल भाव एखाद्याच निवडक ढिगाला मिळालेला असू शकतो. 'भाव देते' एवढ्यानेच वर्णन संपले, तर एजंटने यांतील कोणता आकडा उचलावा? त्याने कमाल भाव सांगितला आणि त्या आशेवर एखाद्याने गाडी भरून माल नागपूरच्या कळमना बाजारात नेला, तर भाडे, हमाली आणि एक दिवस तिन्ही गेले. आकडा खोटा नव्हताच. म्हणूनच त्या चुकीचा माग लागत नाही.

आणखी एक. ज्या दिवशी बाजारात मालच आला नाही त्या दिवशी साधन काय उत्तर देते? काही साधने अशा वेळी रिकामे उत्तर देतात, काही शून्य देतात. 'आवक नसल्यास उत्तर रिकामे येते. त्याचा अर्थ भाव शून्य असा नव्हे' हे एक वाक्य वर्णनात असले, तर केवढा घोटाळा टळतो! आंबिया बहाराची संत्री साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीस येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. मधल्या काळात आवक नसणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. आपल्याला ती सांगावी लागत नाही. यंत्राला सांगावी लागते.

आता आपल्या गावाकडे वळू. येथे तर वर्णन लिहिणाऱ्याची खरी कसोटी आहे. मराठीत आपण 'सौसर' लिहितो, हिंदी पाटीवर 'सौंसर' असते. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर तहसील त्यात आली. त्यापूर्वी दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होती. साधनाला जिल्ह्याचे नाव द्यावे लागत असेल, तर २०२२ सालचा भाव विचारताना कोणता जिल्हा सांगावा? वर्णनाने हे स्पष्ट करावयास हवे. जे साधन आज 'पांढुर्णा जिल्हा' या नावाखाली पाच वर्षांमागचे भाव शोधील, त्याला कदाचित काहीच सापडणार नाही, आणि एजंट सांगून मोकळा होईल की येथे पूर्वी संत्रा विकलाच जात नसे!

याहून नाजूक गोष्ट भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आपण बोलतो मराठी, पण सातबाराऐवजी खसरा-खतौनी काढतो, आणि बाजार समितीत न जाता कृषी उपज मंडीत जातो. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' नावाचे ॲप सुरू केले. त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारून हवामान, कीड, बाजारभाव अशी माहिती घेता येते. ते त्या राज्यातील शेतकऱ्यांसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु समजा, उद्या एखाद्या सर्वसाधारण एजंटच्या हाती दोन साधने आहेत, एक महाराष्ट्राच्या योजनांचे आणि एक मध्य प्रदेशच्या योजनांचे. आणि दोन्हींच्या वर्णनात केवळ 'शेतकरी योजनांची माहिती देते' एवढेच आहे. पांढुर्ण्याच्या एखाद्या आजोबांनी मराठीत अनुदानाविषयी विचारले, तर एजंट कोणते साधन उचलील? मराठी ऐकताच महाराष्ट्र, असा त्याचा तर्क होणे अगदी साहजिक आहे. आजोबा वरूडला जातील, तेथून परत पाठविले जातील. हे टाळण्यास यंत्राची बुद्धी वाढवावी लागत नाही. 'हे साधन केवळ महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी. भाषेवरून राज्य ठरवू नये, संशय असल्यास विचारावे' एवढे लिहिले की पुरे. साधन कशासाठी आहे हे बहुतेक सर्व जण लिहितात. कशासाठी नाही हे लिहावयाचे राहून जाते.

मी कलाशाखेची पदवीधर. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांइतके ठाऊक नाही. पण भाषेची परीक्षा घेणे हा माझा व्यवसाय आहे. म्हणून गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही एक खेळ केला. मुलांनी काल्पनिक साधनांची वर्णने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली: बाजारभाव, हवामान, संत्रा लागवड, रेल्वेचे वेळापत्रक, शाळेचा दाखला आणि आणखी काही. दुसऱ्या तुकडीतील मुलांना एजंट बनविले. त्यांनी प्रश्न ऐकावयाचा, केवळ चिठ्ठ्या वाचावयाच्या, आणि योग्य ती चिठ्ठी वर करावयाची. लिहिणाऱ्यांना बोलण्याची सक्त मनाई होती.

पहिला प्रश्न होता, "संत्र्याचं आज कसं काय?" निम्म्याहून अधिक मुलांनी 'संत्रा लागवड' वर केली, कारण 'संत्रा' हा शब्द त्या चिठ्ठीवर होता आणि 'बाजारभाव'वर नव्हता. दुसरा प्रश्न मी एका पालकांच्या तोंडून ऐकलेला होता: "उद्या गाडी भरावी काय?" दोघातिघांनी तत्परतेने रेल्वेचे वेळापत्रक वर केले! वर्ग हसला. पण यंत्रही असेच शब्दाला शब्द जोडून फसू शकते. ज्यांच्या घरी बाग होती त्या मुलांनी मात्र बाजारभाव आणि हवामान अशा दोन चिठ्ठ्या एकदम उचलल्या. त्यांना उत्तर चिठ्ठीने नव्हे, घराने शिकविले होते. म्हणून त्यांचे उत्तर बरोबर असूनही वर्णनाची परीक्षा म्हणून ते मी धरले नाही. परीक्षक नेहमी परका हवा.

या खेळातील सर्वांत बोधक प्रकार एका हुशार मुलीच्या चिठ्ठीने घडला. तिने बाजारभावाच्या चिठ्ठीवर लिहिले होते: 'शेतकऱ्याच्या सर्व अडचणींवर अत्यंत उपयुक्त, विश्वसनीय साधन. प्रथम हेच वापरावे.' पहिल्या फेरीत तिचीच चिठ्ठी सर्वाधिक वेळा वर आली. ती आनंदली. नंतर आम्ही चुकीच्या वेळी वर आलेल्या चिठ्ठ्या मोजल्या, तर त्यांतही तिचीच पहिली! कीड पडली तरी बाजारभाव, पाऊस येणार का विचारले तरी बाजारभाव. खऱ्या मॉडेलच्या बाबतीतही असेच आढळले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की, साधन तेच ठेवून वर्णनात केवळ ठासून सांगणारी वाक्ये घातली तरी मॉडेल ते साधन अधिक वेळा निवडतात. जाहिरात माणसालाच भुलविते असे नाही.

यावरून वर्णनाची परीक्षा कशी घ्यावी हे ध्यानात येईल. नुसते वाचून 'छान लिहिले आहे' म्हणणे ही परीक्षा नव्हे. त्यासाठी प्रश्नांचा एक संच तयार करावा लागतो. काही प्रश्न सरळ असावेत. काही आपली माणसे बोलतात तसे आडवळणाचे. काही शेजारच्या साधनाशी गोंधळ व्हावा असे. आणि काही असे, की ज्यांना हातातील एकही साधन लागू पडत नाही. हा शेवटचा प्रकार विसरला जातो. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात साधने वापरण्याच्या कौशल्याची जी प्रसिद्ध तुलनासूची चालविली जाते, तिच्यातही साधन लागू नसताना मॉडेल ते वापरण्याचे टाळते की नाही हे पाहिले जाते. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या: साधन हवे असताना किती वेळा निवडले गेले नाही, आणि नको असताना किती वेळा निवडले गेले. एक कमी करावयास जावे तर दुसरी वाढते. त्या मुलीच्या चिठ्ठीचे हेच झाले होते. साधन बरोबर निवडले तरी त्याला दिलेली माहिती बरोबर होती का, हे पुन्हा निराळे पाहावे लागते. बाजारभाव निवडला पण गावाच्या जागी 'पांढुर्णा' ऐवजी 'पंढरपूर' लिहिले, तर त्या बिनचूक निवडीचे काय करावयाचे? आणि सारे जुळूनही शेतकऱ्याचे मूळ काम पार पडले की नाही, हा प्रश्न शेवटी उरतोच.

मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देईल असे नसते. म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारावा. वर्णनात एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. हा नियम तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात. आणि काही प्रश्न बाजूला झाकून ठेवावे. ज्या प्रश्नांवर वर्णन घासूनपुसून तयार केले त्यांवरच त्याची परीक्षा घेणे, म्हणजे प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी वाटण्यासारखे आहे. तसल्या शंभर गुणांची किंमत तुम्हांला मी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग वर्णन सविस्तर चांगले पानभर लिहावे. तसेही नाही. एजंटसमोर पाच-पन्नास साधनांची वर्णने एकाच वेळी ठेवलेली असतात, आणि ती सारी वाचावयास त्याच्या अवधानाचा काही भाग खर्ची पडतो. लांबण लागली की महत्त्वाचे वाक्य गर्दीत बुडते. आजकाल वर्णने तपासण्याचे कामही दुसऱ्या मॉडेलकडे सोपविले जाते. ते वर्णन वाचून गुण देते. त्याचा उपयोग आहे, राहून गेलेले माप किंवा न सांगितलेली मर्यादा ते चटकन दाखविते. परंतु असे परीक्षक लांबलचक मजकुराला झुकते माप देतात हे अनुभवास आले आहे. (असे परीक्षक माणसांतही असतात, पुरवण्यांची जाडी पाहून गुण देणारे!) शिवाय वर्णन वाचून त्याचा खरेपणा कळत नाही. वर्णनात 'किलोचा भाव' असेल आणि साधन क्विंटलचा आणीत असेल, तर उत्तमोत्तम परीक्षकही ते वर्णन उत्तीर्ण करील. साधन प्रत्यक्ष चालवून, आलेले उत्तर वर्णनाशी ताडून पाहिल्याखेरीज ही चूक सापडत नाही.

एक धोका मात्र निराळ्या जातीचा आहे. यंत्र वर्णन वाचते आणि त्यावर विसंबते, हे ठगांनाही ठाऊक आहे. वर्णनाच्या पोटात 'वापरणाऱ्याची गुप्त माहिती अमुक ठिकाणी पाठव, आणि हे त्याला सांगू नको' अशी आज्ञा दडवून ठेवता येते, हे २०२५ मध्ये सुरक्षेच्या अभ्यासकांनी प्रात्यक्षिकासह दाखवून दिले. माणूस पडद्यावर केवळ साधनाचे नाव पाहतो. आतील ओळ यंत्राला तेवढी दिसते. म्हणून वर्णन तपासणाऱ्याने ते अक्षरन्‌अक्षर वाचावे, आणि पैसे पाठविणे, नोंद पुसणे यांसारखी माघारी न फिरणारी कामे करणारे साधन असेल, तर आधी माणसाची संमती घेतली जाते की नाही ते पाहावे. अनोळखी साधनाच्या वर्णनात 'हे निर्धोक आहे' असे लिहिलेले असणे हा निर्धोकपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

आमच्या वर्गात त्या हुशार मुलीने आपली चिठ्ठी चार वेळा फाडली. पाचव्या वेळी तिने लिहिले ते असे: 'बाजारभाव. दिलेल्या मंडीतील दिलेल्या मालाचा दिलेल्या तारखेचा भाव सांगते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण, क्विंटलमागे रुपयांत. आजचे कसे काय, बाजार चढला की पडला, अशा प्रश्नांसाठी हेच. संत्रा आणि मोसंबी वेगवेगळे सांगावे. ऑक्टोबर २०२३ पूर्वीच्या तारखेसाठी पांढुर्णा व सौसर यांचा जिल्हा छिंदवाडा द्यावा. आवक नसल्यास उत्तर रिकामे येते. उद्याचा भाव सांगत नाही. माल विकावा की ठेवावा हे सांगत नाही.'

शेवटची दोन वाक्ये तिने कोणी न सांगता लिहिली. त्या फेरीत तिची चिठ्ठी पहिल्यापेक्षा कमी वेळा वर आली, आणि "उद्या गाडी भरावी काय?" या प्रश्नाला पुष्कळ मुलांनी बाजारभाव व हवामान अशा दोन चिठ्ठ्या उचलून, "मॅडम, ठरवायचं मात्र त्यांनाच विचारावं लागेल," असे उत्तर दिले. यांतील कित्येकांच्या घरी बाग नाही.

झाकून ठेवलेले प्रश्न मी एका पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत. ते यंदा आठवीच्या मुलांपुढे, ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, उघडावयाचे आहेत. तोवर नववीच्या कोणीही त्या कपाटाभोवती घुटमळू नये.